कॅसेटवाल्या गेमवर सोल्डरिंग शिकवायचं असेल तर

सोल्डरिंगच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांना व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या, भोकं पाडलेल्या पाटीवर) दोन रेझिस्टर आणि एक एलईडी लावायला सांगतात. एलईडी लागतो, वहीवर सही होते, बोर्ड कपाटात जातो. पुढे त्या बोर्डाचं काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण त्याचं काही व्हायचंच नसतं. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत मी रविवारी डिप्लोमाच्या आणि आयटीआयच्या मुलांना शिकवतो. माझं मत आता पक्कं झालंय: ज्या यंत्रात मुलाचा जीव अडकलाय, त्याच यंत्रावर त्याचा हात चालू द्यावा. सांधा कच्चा राहिला तर पडदा काळा राहतो, आणि तो काळा पडदा मुलाला स्वस्थ बसू देत नाही. मास्तरांच्या लाल पेनाने हे कधी साधलं नाही.

तुम्ही कॉलेजात नव्याने लॅब सांभाळायला लागला असाल, किंवा सोसायटीतल्या चार मुलांना घेऊन बसणार असाल, तर पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या सांध्यापर्यंत मी कसं नेतो ते सांगतो.

यंत्र कोणतं घ्यावं

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेला कॅसेटवाला टीव्ही गेम घ्या. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम आणला. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक डबे त्याच्याच नकला. कॅसेटच्या खाचेत ६० पिना असतात, त्यावरून ओळखा. मूळ यंत्राचा मेंदू ६५०२ जातीचा, साधारण १.७९ मेगाहर्ट्झचा, कामाची मेमरी २ किलोबाइट. ज्या मुलांनी ८०८५ प्रोसेसर फक्त फळ्यावर पाहिलाय त्यांना डेटा बस आणि अ‍ॅड्रेस बस, म्हणजे माहिती आणि तिचा पत्ता वाहणाऱ्या वाटा, इथे बोटाने दाखवता येतात.

सुरुवात घरांच्या माळ्यांपासून करा. मामाकडे, आत्याकडे विचारायला सांगितलं की पंधरा दिवसांत तीन-चार डबे जमतातच. उरलेले भंगारवाल्याकडे किंवा जेल रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानांत विचारा. सुटे भाग महाराणी रोडवर मिळतात. मुलांना बरोबर न्या आणि यादी त्यांनाच वाचू द्या. दुकानदार हिंदीत ‘रांगा’ म्हणेल, मुलगा ‘सोल्डर वायर’ म्हणेल, घरी आजी ‘डाख’ म्हणते. तिन्ही शब्द त्याला कळलेले बरे.

डबा उघडल्यावर दोन प्रकार दिसतात. काहींत चाळीस पायांच्या दोन मोठ्या आयसी असतात, एक प्रोसेसर आणि दुसरी चित्र काढणारी पीपीयू. काहींत बोर्डावर नुसता काळ्या लुकणाचा (इपॉक्सीचा) गोळा, त्याखाली सगळं एकत्र. शिकवायला पहिला प्रकार उत्तम, पण दुसऱ्यालाही नाही म्हणू नका. एक डबा मात्र पूर्ण मेलेला हवाच. दुसऱ्या रविवारचा सराव त्याच्यावरच होतो.

टेबलावर काय हवं

तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन परवडत असेल तर तेच घ्या. नसेल तर २५ वॉटचं, तीन पिनांच्या प्लगचं सोल्डरिंग आयर्न चालतं. वापरण्याआधी, प्लग काढलेला असताना, टोकापासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे वाट सलग आहे का, ते बघा. बीप आला पाहिजे. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज बसतो आणि आयसी त्याने जाऊ शकते. तेच वापरणं भाग असेल तर तापवा, प्लग काढा, मग टेकवा.

टोक सुईसारखं नको, छिन्नीसारखं चपटं हवं. नवशिके सुईचं मागतात, कारण जागा बारीक दिसते. पण सुईच्या टोकातून उष्णता जात नाही आणि मग मूल दहा-दहा सेकंद दाबून बसतं. सोल्डर ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथिल आणि ४० टक्के शिसं, जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास, आत राळ भरलेली. ते १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. शाळकरी मुलं असतील तर शिसं नसलेलं घ्या. ते वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, हात जरा जास्त लागतो, पण लहान मुलांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. नळकामाची आम्लाची पेस्ट टेबलावर येऊसुद्धा देऊ नका. आज सांधा चकचकीत दिसतो आणि काही महिन्यांनी तांबं हिरवं पडतं.

बाकी सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप), सोल्डर टिपणारी तांब्याची जाळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, चष्मा आणि दर दोन मुलांमागे एक मल्टिमीटर. मीटरवर काटकसर करू नका, हवं तर एक आयर्न कमी घ्या.

धुराबद्दल. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा, आणि दम्याच्या मुलाला तो बाधतो. टेबलाच्या कडेला पंखा असा लावा की धूर तोंडापासून दूर खिडकीकडे ओढला जाईल. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. आमच्याकडे रविवार सकाळ म्हणजे पोहे-जिलबी, ती मी बाहेरच्या ओट्यावर ठेवतो. साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी प्लेटीला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

पहिल्या रविवारी आयर्न लावायचंच नाही

मुलं नाराज होतात, होऊ द्या. या दिवशी डबा उघडायचा, प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्याच जागी चिकटवायचा, आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. तारांचे रंग दिसतील असा फोटो हवा, कारण तीन आठवड्यांनी ‘पांढरी तार कुठे होती’ याचं उत्तर तिथेच सापडतं.

मग वीज शोधायची. अ‍ॅडॉप्टरच्या खोबणीपासून मागे जात ७८०५, म्हणजे पक्के ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर, गाठायचा. छापलेली बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. प्रत्येक मुलाने ग्राउंड कुठे कुठे जातो ते बीप ऐकत शोधावं आणि फोटोच्या छापील प्रतीवर स्केचपेनने रंगवावं. यात तास-दीड तास जातो, आणि तो सगळा कामाचा असतो.

यानंतर अ‍ॅडॉप्टर मोजायचा. ‘९ व्होल्ट’ छापलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरवर भार नसताना मीटर बारा-तेरा दाखवतो. मुलं दचकतात. इथे थांबा आणि का ते त्यांनाच विचारा. ध्रुवताही तपासा: मूळ जपानी यंत्रात मधलं टोक ऋण असे, नकलांत कोणी काय केलंय याचा भरवसा नाही. शेवटी वहीत हिशेब: ९ व्होल्ट आत, ५ बाहेर, प्रवाह समजा ३०० मिलिअँपिअर, तर ७८०५ वर ४ गुणिले ०.३ म्हणजे १.२ वॉट नुसते जळतात. मग त्याच्या पाठीमागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कशासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

एक सक्त नियमही याच दिवशी: अ‍ॅडॉप्टर उघडायचा नाही आणि जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसी सरळ केला की कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास बसतात. पिक्चर ट्यूबवर तर हजारोंनी. आपलं काम ५ व्होल्टच्या बाजूला.

दुसरा रविवार: कल्हई

मी शिकवायला लागलो तेव्हा ‘हीट ट्रान्सफर’, ‘वेटिंग’ असे शब्द वापरायचो आणि मुलं तरीही आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन पाण्यासारखा बोर्डावर सोडायची. मग एकदा एका मुलाची आजी त्याला घ्यायला आली होती, थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, “अरे, हा तर कल्हईवाला.” तेव्हापासून मी तिथूनच सुरुवात करतो.

कल्हईवाला आधी भांडं तापवतो. भांडं तापलं की नवसागर टाकतो, त्याने तांब्या-पितळेवरची मळी सुटते. मग कथिलाची कांडी तापलेल्या भांड्याला लावतो आणि बोळ्याने फिरवतो. कथिल आपसूक पसरतं. गार भांड्यावर वितळलेलं कथिल ओतलं तर ते गोळा होऊन गडगडेल. आपल्याकडे भांडं म्हणजे बोर्डावरचा पॅड आणि पार्टचा पाय, नवसागराच्या जागी सोल्डरच्या पोटातली राळ. आयर्नने पॅड आणि पाय दोन्ही एकदम तापवा, एक सेकंद थांबा, आणि सोल्डर आयर्नला न लावता दुसऱ्या बाजूने पायाला लावा. ते आत ओढलं गेलं पाहिजे. आधी तार काढा, मग आयर्न, आणि सांधा थिजेपर्यंत हात हलवू नका. सगळं मिळून दोन-तीन सेकंद.

आयर्नच्या टोकालाही कल्हई लागते. ओल्या स्पंजावर किंवा पितळी जाळीत पुसून लगेच थोडं सोल्डर लावायचं, आणि काम संपल्यावरही टोक सोल्डरने झाकूनच ठेवायचं. काळं पडलेलं टोक कितीही तापलं तरी उष्णता देत नाही.

मेलेल्या बोर्डावर प्रत्येकाने वीस पाय काढायचे आणि वीस लावायचे. चांगला सांधा पायाभोवती उतरत्या टेकडीसारखा दिसतो. गोटीसारखा फुगलेला असेल तर खाली पॅड गारच राहिलाय. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड सरावाला देऊ नका. त्याच्या आतले तांब्याचे थर उष्णता पिऊन टाकतात आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

गेमचे बोर्ड बहुतेक तपकिरी, कागदी फिनॉलिकचे असतात. त्यांवरचा तांब्याचा पॅड फार वेळ तापला की सालीसारखा सुटतो. माझ्याच हातून एका मुलाच्या काकाच्या डब्यात असे दोन पॅड सुटले आहेत. सुटला तर ओढायचा नाही. त्याची वाट पुढच्या सांध्यापर्यंत शोधायची, बारीक तारेने जोडायची आणि वर लुकणाचा थेंब. हे दुरुस्त करणंही मुद्दाम शिकवा. ज्याने एकदा तुटलेली वाट जोडली, त्याची भीती जाते.

सरावानंतर जिवंत डब्यावर पहिलं काम: वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणं. कपॅसिटरवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो, पण बोर्डावर काही ठिकाणी ऋण छापतात, काही ठिकाणी धन. काढण्याआधीचा फोटो हाच पुरावा.

एव्ही आउटपुट: इथे घाई नको

हा या सगळ्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. जुन्या डब्यांत चित्र अँटेनाच्या तारेतून जातं. बोर्डाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक डबी असते, आरएफ मॉड्युलेटर. चित्र आणि आवाज ती एखाद्या टीव्ही चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवते, आणि टीव्ही पुन्हा उतरवतो. या चढउतारात चित्रावर मुंग्या येतात. आपण डबी टाळून चित्र सरळ टीव्हीच्या पिवळ्या जॅकला देणार.

आधी डबीत काय काय शिरतं ते शोधू द्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, व्हिडिओ, ऑडिओ. पहिल्या दिवशी रंगवलेला फोटो इथे उपयोगी पडतो. ५ व्होल्ट आणि ग्राउंड ओळखले की उरलेल्या दोनांत व्हिडिओ कोणता हे मुलांनी मागे जात शोधावं. काळ्या गोळ्याच्या डब्यांत व्हिडिओच्या वाटेवर बरेचदा आधीच एक ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. तसं असेल तर तिथूनच तार काढून बघा.

मोठ्या आयसीवाल्या डब्यात व्हिडिओ पीपीयूच्या २१ नंबरच्या पिनेवर मिळतो. तिथून थेट पिवळ्या जॅकला तार टाकायची इच्छा सगळ्यांनाच होते. मी एकाला टाकू देतो. चित्र मरगळलेलं, काळपट येतं. आता समजवा: कॉम्पोझिट व्हिडिओ म्हणजे शिखरापासून तळापर्यंत साधारण १ व्होल्टचा सिग्नल, आणि टीव्हीच्या आत त्याच्यासाठी ७५ ओहमचा भार बसलेला. तेवढा प्रवाह देणं पीपीयूच्या पिनेचं काम नाही. मधे कोणीतरी ओझं उचलणारा हवा, आणि तो म्हणजे एमिटर फॉलोअर, ट्रान्झिस्टरची एक जोडणी. पुस्तकात ‘व्होल्टेज गेन जवळपास एक’ वाचून मुलं नेहमी विचारतात की मग त्याचा उपयोग काय. उपयोग काय ते आता पडद्यावर दिसतं.

जोडणी अशी: पीएनपी ट्रान्झिस्टर, बेस २१ नंबरच्या पिनेला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर काहीशे ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला. एमिटरवरूनच २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक एमिटरकडे, आणि त्यापुढे ७५ ओहमच्या घरातला रेझिस्टर घेऊन पिवळा जॅक. २१ नंबरची पिन जुन्या सर्किटपासून सोडवा, नाहीतर दोन वाटा एकमेकींना ओढतात.

आणि ट्रान्झिस्टरचे पाय! महाराणी रोडवर एकाच दुकानात तुम्हाला २एसए१०१५, २एन३९०६ किंवा बीसी५५७ मिळेल आणि दुकानदार म्हणेल, एकच आहे. काम तेच, पायांचा क्रम वेगळा. सपाट बाजू समोर धरून डावीकडून: २एसए१०१५ एमिटर-कलेक्टर-बेस, २एन३९०६ एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५५७ कलेक्टर-बेस-एमिटर. मी मुद्दाम तीन मुलांना तीन वेगळे देतो. डेटाशीट वाचायची सवय लावायचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

तार आखूड ठेवा आणि आयसींच्या पोटावरून नेऊ नका. नाहीतर चित्रावर उभ्या पट्ट्या दिसतात. ऑडिओसाठी डबीकडे जाणारी वाट कपॅसिटरमधून जॅकला द्या. जॅकचं भोक पाडताना बोर्ड बाहेर काढून ठेवा, तांब्याचा किंवा लोखंडाचा चुरा आत राहता कामा नये.

वीज देण्याआधी मुलाने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावून शॉर्ट नाही हे मला दाखवायचं. मी मान हलवल्याशिवाय स्विच नाही. मग पडदा उजळतो, आणि त्या क्षणी खोलीत जो आरडाओरडा होतो त्यासाठी शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा.

यूएसबीवर चालवणं

हे सोपं आहे, म्हणून धोकादायक. ७८०५ काढला, इनपुट आणि आउटपुटच्या जागा जोडल्या, की डबा मोबाइलच्या चार्जरवर चालतो. टाइप-सी जॅक लावत असाल तर चार्जरला ‘वीज दे’ सांगणाऱ्या दोन्ही सीसी पिनांवर ग्राउंडकडे ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर हवा. नाहीतर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या तारेतून चार्जर वीज देतच नाही.

धोका असा की आता मधे रखवालदार उरलेला नाही. आमच्या एका मुलाने डबा घरी नेला, धाकट्या चुलतभावाने कपाटातला जुना ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर शोधून लावला, आणि दोन्ही मोठ्या आयसी गेल्या. चूक माझी, कारण जुनी खोबण मी तशीच ठेवू दिली होती. आता ७८०५ काढला की त्याच बैठकीत जुनी खोबण काढून तिथे टाइप-सी बसवायचा.

पुढची पायरी

ज्यांचा हात बसला त्यांना हल्लीच्या कंट्रोलरची दांडी बदलायला द्या. खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत राहतो, ती तक्रार. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरमध्ये एका दांडीला १४ पाय: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार, पत्र्याचे चार. तिथे सोल्डर शिशाविरहित असतं आणि पत्र्याचे पाय ग्राउंडच्या तांब्यात रुतलेले. आधी प्रत्येक पायावर आपलं ६०/४० घाला; दोन्ही मिसळून वितळणबिंदू खाली येतो आणि सकरने ओढता येतं. जोर लावून उपटायचं नाही, आतले थर फाटतात.

कॅसेटमधला सेव्हचा, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपणारा, सेल बदलायचा असेल तर नाण्यासारख्या सेलवर थेट आयर्न कधीही टेकवू देऊ नका, तो फुटू शकतो. पट्ट्या जोडूनच आलेला सेल विकत घ्या.

चौथ्या-पाचव्या रविवारी कोणीतरी विचारतोच: सर, चिप लावून फुकट गेम चालवायचे का? मी सरळ नाही म्हणतो आणि कारण देतो. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं; हक्कभंगाच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. चित्र सुधारणं, वीज बदलणं, दांडी दुरुस्त करणं यांत कोणाचं कुलूप तुटत नाही, आणि शिकायला तेवढं पुष्कळ आहे.

कचऱ्याचं म्हणाल तर इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, दारात येणाऱ्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. काढलेले पार्ट एका डब्यात जमवून तिथेच द्या. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. सोल्डरचे थेंब आणि स्पंजातला गाळ झाडून केरात टाकू नका, झाकणाच्या बाटलीत साठवा.

घरी नेण्याआधी

डबा एक तास चालवून बघायचा आणि मधूनमधून आयसीवर बोट ठेवून किती तापतेय ते पाहायचं. आत, झाकणाच्या मागे, मुलाने स्वतःच्या हाताने तारीख, काय बदललं आणि किती व्होल्ट हे लिहून चिकटवायचं. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘फक्त ५ व्होल्ट’.

पंधरा दिवसांत एखादा परत येतो, चित्र जातं-येतं म्हणत. बहुतेक वेळा जॅकचाच सांधा हललेला असतो, आणि तुम्हाला तो डबा उघडण्याआधीच कळलेला असतो. तरी सांगू नका, आयर्नही हातात घेऊ नका. पहिल्या दिवसाचा फोटो समोर ठेवा, मीटर त्याच्या हातात द्या आणि शेजारी खुर्ची ओढून बसा.